सुलिव्हन कुठे कुठे राहत होते? आयरिश खानेसुमारीतून एका आडनावाचा माग कसा काढायचा

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला बेआरा नावाचं लांबट द्वीपकल्प आहे. त्याचा मोठा भाग कॉर्क जिल्ह्यात येतो आणि उत्तरेची एक बाजू केरीत. १९०१ च्या खानेसुमारीत इथल्या एखाद्या वाडीचं पान उघडलं, की सुलिव्हन, सुलिव्हन, हॅरिंग्टन, शे, पुन्हा सुलिव्हन अशी रांग लागते. मग वाटतं, मोजायला किती सोपं! शोधाच्या चौकटीत आडनाव टाकायचं, जिल्हावार आकडे उतरवायचे, नकाशा रंगवायचा. असे नकाशे पुष्कळ फिरतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे असतात. आकडे खोटे नसतात. कोणाला मोजलं आणि कशाच्या प्रमाणात मोजलं, एवढंच आधी ठरवलेलं नसतं.

या लेखात सुलिव्हन हे एकच आडनाव धरून सगळी पद्धत सांगितली आहे. डोनेगॉलमधले गॅलहर किंवा टिपरेरीतले रायन शोधायचे असतील तरी पायऱ्या याच.

आधी आडनावाची थोडी पार्श्वभूमी. मूळ आयरिश रूप ‘ओ सूलवॉन’. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘सूल’ म्हणजे डोळा. दुसऱ्या भागाच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे घराणं मूळचं दक्षिण टिपरेरीतलं, नॉकग्राफन भागातलं. बाराव्या शतकाच्या शेवटी अँग्लो-नॉर्मन रेट्यामुळे ते कॉर्क-केरीच्या डोंगराळ किनाऱ्याकडे सरकलं. केनमेअरजवळ डंकेरन इथे ओ’सुलिव्हन मोर ही थोरली शाखा आणि बेआरात ओ’सुलिव्हन बेअर ही दुसरी. १६०२ मध्ये त्यांचा बेआरातला डनबॉयचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला डोनल कॅम ओ’सुलिव्हन बेअर सुमारे हजार माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेला निघाला. लायट्रिमला पोचले फक्त ३५. तरीही तीनशे वर्षांनंतरच्या खानेसुमारीत हे आडनाव त्याच किनाऱ्यावर गच्च भरलेलं दिसतं. सत्ता गेली, पण कुळं तिथेच राहिली. नकाशा काढण्याचं सार्थक आहे ते यासाठीच.

पायरी १ : कुठली कागदपत्रं शिल्लक आहेत ते नीट समजून घ्या

आयर्लंडमध्ये पहिली पूर्ण खानेसुमारी १८२१ ला झाली आणि पुढे दर दहा वर्षांनी होत राहिली. पण नावानिशी फॉर्म सलग मिळतात ते फक्त १९०१ आणि १९११ चे. १८२१ ते १८५१ चे बहुतेक कागद ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या अभिलेखागाराच्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले. १९२१ ची खानेसुमारी स्वातंत्र्ययुद्धामुळे झालीच नाही. त्यानंतरची १८ एप्रिल १९२६ ची. तिच्यावरची शंभर वर्षांची अट एप्रिल २०२६ मध्ये पुरी होते. मात्र ती फक्त २६ जिल्ह्यांच्या स्वतंत्र राज्याची आहे. १९११ शी तुलना करताना ब्रिटनकडेच राहिलेले उत्तरेचे सहा जिल्हे १९११ मधून वगळा, नाहीतर आडनाव घटल्याचा भास होईल.

म्हणून कामाचा कणा ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११ या दोन रात्रींचा. दोन्हीचे फॉर्म आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ पानांच्या छायाप्रतींसह फुकट पाहता येतात. ब्रिटिश राजातल्या भारतातही १९०१ आणि १९११ ला खानेसुमारी झाली, पण घरोघरच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या नाहीत, नुसते तक्ते उरले. सातारा किंवा रत्नागिरीतलं एखादं आडनाव असं वाडीनिहाय मोजायची सोय आपल्याला नाही. आयरिश फॉर्म हाती आले आहेत तर त्यांच्यातलं अक्षर न् अक्षर वापरून घ्यावं.

पायरी २ : आडनावाच्या सगळ्या रूपांची यादी करा

या पायरीला आळस केला की पुढचं सगळं वाया जातं.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली पुष्कळ घराण्यांच्या नावापुढचा ‘ओ’ गळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक, म्हणजे आयरिश, भाषेची चळवळ उभी राहिली, तसा तो परत जोडला जाऊ लागला. त्यामुळे तोच माणूस, त्याच घरात, १९०१ ला सुलिव्हन आणि १९११ ला ओ’सुलिव्हन असा सापडतो. ‘ओ’ लावणारे एक घराणं आणि न लावणारे दुसरं, असं समजून वेगळे नकाशे काढणं ही सर्वात वारंवार दिसणारी चूक. आधी सगळी रूपं एकत्र मोजा. ‘ओ’ वेगळ्या रकान्यात ‘आहे/नाही’ असा नोंदवा, तो पुढे चळवळीचा प्रसार मोजायला कामी येतो.

शोधताना ही रूपं एकेक करून टाका : सुलिव्हन दोन ‘एल’ने आणि एक ‘एल’ने, ‘आय’च्या जागी ‘ई’, शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘ई’, ‘ओ’नंतर लोपचिन्ह, ‘ओ’नंतर मोकळी जागा, ‘ओ’ सरळ चिकटवून. ताराचिन्ह टाकून शोधायची सोय असेल तर आधी एखाद्या ठाऊक असलेल्या वाडीवर ती तपासा. काही शोधयंत्रणा लोपचिन्ह गिळतात, काही त्यावर अडतात.

आता आयरिशमध्ये भरलेले फॉर्म. १९११ ला अनेक कुटुंबांनी हट्टाने आयरिशमध्ये, गेलिक लिपीत नावं लिहिली. त्या घरात बाप ‘ओ सूलवॉन’, बायको ‘ई हूलवॉन’ आणि मुलगी ‘नी हूलवॉन’ असते. लग्न झालेलीला ‘ई’, न झालेलीला ‘नी’, आणि दोघींच्या नावात ‘एस’पुढे ‘एच’ येऊन उच्चारच बदलतो. एकाच छताखाली एकाच आडनावाची तीन रूपं! एक रूप शोधलं तर घरातले पुरुष तेवढे मिळतील, बायका आणि मुली गळतील. त्यातही जुन्या गेलिक लिपीत तो ‘एच’ लिहीत नाहीत, अक्षराच्या डोक्यावर टिंब देतात. शोधासाठी मूळ पानांवरून नक्कल करणाऱ्याने ते टिंब सोडलं, की ‘एस’पुढचा आणि ‘बी’पुढचा असे दोन्ही ‘एच’ जातात. म्हणून ‘एच’सकट आणि ‘एच’शिवाय अशी दोन्ही रूपं शोधा.

शेवटी वाचनातल्या चुका. वळणदार ‘एस’ हा ‘टी’ किंवा ‘एल’ वाचला जातो, ‘व्ही’ चा ‘डब्ल्यू’ होतो. अशा चुकीच्या रूपांची यादी आधी करता येत नाही. त्यासाठी बेआरातल्या पाचसहा टाउनलँड, म्हणजे वाड्या, निवडा आणि तिथली सगळी घरं, आडनाव न टाकता, एकेक उघडून वाचा. जी विचित्र रूपं सापडतील ती देशभर शोधा.

पायरी ३ : नाव कोणाच्या हातचं आहे ते पाहा

घरचा फॉर्म, म्हणजे फॉर्म ए, कुटुंबप्रमुखाने भरायचा होता. वाटप आणि गोळा करण्याचं काम बहुतेक ठिकाणी पोलीस शिपायांकडे होतं. प्रमुखाला लिहिता येत नसेल तर शिपाईच फॉर्म भरायचा आणि सहीच्या जागी फुलीची खूण घ्यायचा. म्हणजे त्या घराचं स्पेलिंग शिपायाचं असतं, कुटुंबाचं नव्हे. सलग तीस घरांत एकच हस्ताक्षर आणि एकच ‘ओ’विरहित रूप दिसलं, तर त्यावरून त्या वाडीने ‘ओ’ टाकला होता असं म्हणता येत नाही. तुमच्या तक्त्यात ‘सही / फुली’ असा रकाना ठेवाच.

पायरी ४ : मोजणीचं एकक ठरवा आणि तक्ता मांडा

माणसं मोजायची, घरं मोजायची की कुटुंबप्रमुख? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. वितरणासाठी माणसं धरा, घराची स्थिती पाहायची तर घरं. वंशाचा प्रश्न असेल तर लग्न झालेल्या बायका वेगळ्या काढा, कारण त्यांचं आडनाव नवऱ्याचं आहे. पुरुष आणि अविवाहित स्त्रिया एवढेच धरले की माहेरच्या आडनावाचा निम्मा घोळ मिटतो.

एक्सेलमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ. रकाने हे : वर्ष, जिल्हा, निवडणूक विभाग (अनेक टाउनलँड मिळून होणारा), टाउनलँड किंवा रस्ता, घर क्रमांक, लिहिलेलं आडनाव, प्रमाण आडनाव, नाव, प्रमुखाशी नातं, वय, लिंग, वैवाहिक स्थिती, धर्म, शिक्षण, व्यवसाय, जन्मजिल्हा, आयरिश भाषा, आणि १९११ साठी लग्नाची वर्षं, जन्मलेली मुलं, हयात मुलं. ‘लिहिलेलं’ आणि ‘प्रमाण’ हे दोन रकाने कधीही एक करू नका. एकदा मूळ रूप पुसलं की ते परत आणायला सगळी पानं पुन्हा उघडावी लागतात.

टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी समजा. देशभर अशा साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाच्या डझनावारी. नुसतं टाउनलँडचं नाव लिहिलं तर चार जिल्ह्यांतली माणसं एका ठिपक्यावर येतात. जिल्हा, निवडणूक विभाग आणि टाउनलँड अशी तिहेरी खूण करा. नावांची प्रमाणित रूपं लॉगइनम या सरकारी स्थलनामकोशात मिळतात.

मोजणीतून सुटणारी माणसंही असतात. वेड्यांची इस्पितळं, तुरुंग आणि पोलीस बराकी यांच्या फॉर्मवर पूर्ण नावं नसून आद्याक्षरं असतात. तिथले सुलिव्हन तुम्हाला कधीच सापडणार नाहीत, आणि पोलिसात भरती झालेले तरुण तर नेमके परजिल्ह्यात असायचे. ही तूट भरून काढता येत नाही, नोंदवून ठेवता येते.

पायरी ५ : छेद लावा

कॉर्कमध्ये सुलिव्हन जास्त की केरीत? नुसत्या आकड्यावर उत्तर देऊ नका, कारण कॉर्क हा आयर्लंडमधला क्षेत्राने सर्वात मोठा जिल्हा आहे. १९११ ला कॉर्कची लोकसंख्या ३,९२,१०४ होती, केरीची १,५९,६९१ आणि डब्लिनची ४,७७,१९६. समजा तिन्ही ठिकाणी एखाद्या आडनावाची बरोबर १,००० माणसं मिळाली. दर हजारी प्रमाण काढलं तर केरीत ६.२६, कॉर्कमध्ये २.५५ आणि डब्लिनमध्ये २.१० येतं. आकडा तोच, पण केरीतलं प्रमाण डब्लिनच्या तिप्पट.

सुलिव्हनसाठी देशभराचा एक जुना मापदंड हाताशी आहे. निबंधक कार्यालयातल्या रॉबर्ट मॅथसन यांनी १८९० च्या जन्मनोंदींवरून आडनावांचे अंदाज बांधले. मर्फी ६२,६००, केली ५५,९०० आणि तिसऱ्या क्रमांकावर सुलिव्हन ४३,६००. १८९१ ची देशाची लोकसंख्या ४७,०४,७५०. म्हणजे दर हजारी साधारण ९.३. हा जन्मांवरून काढलेला अंदाज आहे, शिरगणती नव्हे. जिथे तरुण कुटुंबं जास्त तिथलं आडनाव त्यात फुगतं. पण तुलनेला उपयोगी पडतो. एखाद्या विभागाचं प्रमाण भागिले देशाचं प्रमाण, हा एकवटण्याचा गुणांक. एखाद्या निवडणूक विभागात दर हजारी ९३ आले तर गुणांक १०. तुमच्या १९०१ किंवा १९११ च्या मोजणीला मात्र त्याच वर्षाचा छेद लावा : देशाची लोकसंख्या १९०१ ला ४४,५८,७७५ आणि १९११ ला ४३,९०,२१९.

जिल्ह्यावर थांबू नका. कॉर्कची सरासरी बेआराला आणि पूर्व कॉर्कच्या सखल शेतीला एकाच रंगात बुडवते. निवडणूक विभागापर्यंत उतरा. तिथे मग दुसरी अडचण येते : काही विभागांत माणसंच पाचसहाशे. दोन मोठी कुटुंबं स्थलांतरित झाली की दर उड्या मारतो. अशा वेळी शेजारचे दोनतीन विभाग जोडून मोजा. आणि बेआरात एक खास सावधगिरी. बेरहेवनच्या खाडीत ब्रिटिश नौदलाचा नांगर पडायचा आणि बेअर बेटावर तटबंदी होती. लष्करी माणसं लोकसंख्येत धरली की स्थानिक आडनावाचं प्रमाण खोटं उतरतं. बराकी आणि जहाजांचे फॉर्म छेदातून वजा करा.

जन्मजिल्ह्याचा रकाना इथेच वापरा. राहण्याचा जिल्हा आडवा, जन्मजिल्हा उभा, अशी पिव्होट टेबल केली, की डब्लिनमधले किती सुलिव्हन कॉर्क-केरीत जन्मले ते एका नजरेत दिसतं. सैनिकांच्या मुलांपुढे जन्मस्थळ ‘इंडिया’ असंही भेटतं. ते नक्कलचूक समजून खोडू नका. आयरिश शिपायांच्या पलटणी हिंदुस्थानात होत्याच, आणि पुढचा माग ब्रिटिश ग्रंथालयातल्या इंडिया ऑफिसच्या बाप्तिस्मा-नोंदींत लागू शकतो.

पायरी ६ : वय. सगळ्यात कमी विश्वासाचा रकाना

एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण माणसाला जन्मतारीख माहीत असण्याचं कारण नव्हतं. नागरी जन्मनोंद सुरूच झाली १८६४ ला. त्यामुळे वयं ३०, ४०, ५०, ६० अशी गोळा होतात. हे मोजायला व्हिपल निर्देशांक पुरेसा आहे. २३ ते ६२ वयाची सगळी माणसं घ्या. त्यातल्या ० किंवा ५ ने संपणाऱ्या वयांची संख्या मोजा. एकूण संख्येच्या एक पंचमांशाने भागा आणि १०० ने गुणा. समजा ६०० माणसं आणि त्यातल्या २१० जणांचं वय २५, ३०, ३५ असं. ६०० चा पाचवा भाग १२०, म्हणून निर्देशांक १७५. १०० म्हणजे गोळाबेरीज नाहीच, ५०० म्हणजे सगळी वयं पाचाच्या पाढ्यातली. १७५ च्या वर गेलात तर एकेक वर्षाचा आलेख काढूच नका, दहा वर्षांचे गट करा, आणि ते २५–३४, ३५–४४ असे, म्हणजे गोल आकडा गटाच्या मधोमध बसतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९०८ च्या कायद्याने ७० वर्षांवरच्यांना जानेवारी १९०९ पासून वृद्धापकाळाचं निवृत्तिवेतन मिळू लागलं. १९०१ ला ५४ वर्षांचा असलेला माणूस १९११ ला ७१ वर्षांचा होतो! लबाडी हे एकच कारण समजू नका. जन्मनोंद नसलेल्या माणसाने कधी नव्हे तो आपल्या वयाचा विचार केला, आणि कधी तो जास्त बरोबरही होता. या निवृत्तिवेतनाच्या अर्जांसाठी १८४१ आणि १८५१ च्या, तेव्हा अजून शाबूत असलेल्या, खानेसुमारीत अर्जदाराचं बालपणीचं घर शोधलं जायचं. ते शोध-फॉर्म उरले आहेत आणि ऑनलाइन मिळतात. जळालेल्या कागदांतली काही कुटुंबं आईबापांच्या नावांसकट तिथे वाचायला मिळतात. एखाद्या सुलिव्हन घराचा १८५१ चा दुवा जोडायचा तर पहिलं दार हेच ठोठावावं.

आणखी एक लहान पण त्रासदायक चूक : तान्ह्या मुलांचं वय महिन्यांत लिहिलेलं असतं आणि नकलेत ते वर्षं होतं. सहा महिन्यांचं बाळ सहा वर्षांचं झालं की १९११ च्या ‘लग्नाची वर्षं’ या रकान्याशी ते जुळत नाही. अशी विसंगती फिल्टर लावून काढा आणि मूळ पान पाहा.

पायरी ७ : घरांचा वर्ग

फॉर्म ए सगळे बघतात, फॉर्म बी-१ फार थोडे. तो शिपायाने भरलेला घरांचा तक्ता आहे आणि आडनावाची आर्थिक स्थिती समजायला त्याच्याइतकं चोख साधन दुसरं नाही. त्यात गुण असे दिलेत : भिंत दगड, वीट किंवा काँक्रीटची असेल तर १, माती-लाकडाची तर ०. छप्पर स्लेट, पत्रा किंवा कौलाचं तर १, गवती असेल तर ०. खोली एक असेल तर १, दोन ते चार असतील तर २, पाच-सहा ३, सात ते नऊ ४, दहा ते बारा ५, त्याहून जास्त ६. समोरच्या बाजूच्या खिडक्या जितक्या तितके गुण. बेरीज १ किंवा २ आली तर घर चौथ्या वर्गाचं, ३ ते ५ तिसऱ्या, ६ ते ११ दुसऱ्या आणि १२ पासून पुढे पहिल्या.

आता एक घर घ्या. दगडी भिंत, गवती छप्पर, तीन खोल्या, समोर दोन खिडक्या. १ + ० + २ + २ = ५, म्हणजे तिसरा वर्ग. दहा वर्षांत त्याच घरावर स्लेट चढली तर बेरीज ६, वर्ग दुसरा. घर तेच, खोल्या त्याच, खिडक्याही त्याच. म्हणून १९०१ आणि १९११ च्या वर्गांची तुलना करताना नुसता वर्ग उतरवू नका, चारही गुण वेगळे उतरवा. वाढ छपरामुळे झाली की खोलीमुळे, हे कळलं तर त्या कुटुंबाच्या हाती पैसा कुठून आला याचा विचार सुरू करता येतो.

पायरी ८ : दोन वर्षांतली तीच माणसं जोडा

बेआरात एका वाडीत चारचार जॉन सुलिव्हन असतात. आपल्याकडे गावात सगळेच पाटील असले की ‘वाड्यातले’, ‘वरच्या आळीचे’ म्हणून ओळखतात, तशीच तिथे घराण्यांना जोडनावं होती : बापाचं नाव, केसांचा रंग, धंदा. खानेसुमारीत ती क्वचित दिसतात. १८४७ ते १८६४ दरम्यानच्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात मात्र नावापुढे कंसात सापडतात. ती टिपून ठेवा.

माणसं जोडताना नुसत्या नावावर विसंबू नका. पहिल्या नावांचंही प्रमाणीकरण लागतं. आयरिश ‘डिअर्मिड’चं इंग्रजीत जेरेमाया, जेरी, डार्बी किंवा डर्मट होतं. ‘टाइग’चं टिमथी किंवा थेडियस, ‘कॉनर’चं कॉर्नेलियस, ‘ओवेन’चं युजीन. गोबनेट नावाची बाई कागदावर अ‍ॅबिगेल, अ‍ॅबी किंवा डेबोरा असते. आणि फ्लॉरेन्स! कॉर्क-केरीत फ्लॉरेन्स हे पुरुषाचं नाव आहे, ‘फिनीन’चं इंग्रजी रूप. नक्कल करणाऱ्याने सवयीने त्याला स्त्री केलेलं असू शकतं. या आडनावात फ्लॉरेन्स दिसला की मूळ पानावर लिंगाचा रकाना तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर कुटुंबात दोन बायका आणि नवरा गायब अशी गत होते.

जोडीसाठी अट अशी ठेवा : टाउनलँड तेच, नवरा-बायको दोघांची नावं जुळतात, आणि किमान दोन मुलांची नावं वयाच्या क्रमाने जुळतात. मोठ्यांच्या वयात दहा वर्षांऐवजी सोळा-सतरा वर्षांची वाढ चालेल, मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त फरक चालणार नाही. नाव ठेवण्याची रीतही मदतीला येते. थोरल्या मुलाला बहुधा बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. ही रीत आहे, नियम नाही, म्हणून तिच्यावर जोडी ठरवू नका. ठरलेल्या जोडीला दुजोरा म्हणून वापरा.

भाषेचा रकाना अशा जोडलेल्या घरांतच खरा बोलतो. ‘आयरिश’ म्हणजे फक्त आयरिश, ‘आयरिश आणि इंग्रजी’ म्हणजे दोन्ही, कोरा रकाना म्हणजे फक्त इंग्रजी. आजी फक्त आयरिश, बाप दोन्ही, नातवंडांपुढे कोरं. तीन पिढ्यांत एक भाषा कशी घरातून निघून गेली, ते एका पानावर दिसतं. मात्र १९११ ला अभिमानापोटी शाळकरी मुलांपुढेही ‘दोन्ही’ लिहिलेलं आढळतं. आईबापांचा रकाना कोरा आणि मुलांचा भरलेला असेल तर ती भाषा शाळेतून आलेली समजा.

मागे जाताना आणि बाहेर जाताना

१९०१ च्या मागे खानेसुमारीचा पर्याय म्हणून ग्रिफिथ आणि १८२३ ते १८३७ चे टाइद (चर्चसाठीचा दशमांश कर) नोंदवहीचे आकडे वापरतात. दोन्ही करआकारणीचे कागद आहेत. त्यांत जमीन धारण करणाराच येतो, मजूर, बायका, मुलं येत नाहीत, आणि एकाच्या तीन जमिनी असतील तर तो तीनदा येतो. तिथे ‘माणसं’ हा शब्द वापरू नका, ‘नोंदी’ म्हणा. मधल्या काळात, १८४० च्या दशकात, बटाट्याच्या पिकाचा मोठा दुष्काळ आहे हेही लक्षात असू द्या. देशाची लोकसंख्या १८४१ ला ८१,७५,१२४ होती, १८५१ ला ६५,५२,३८५. एकट्या केरीत १८४१ ला २,९३,८८० माणसं होती, १९११ ला १,५९,६९१. १९०१ चा नकाशा म्हणजे उरलेल्यांचा नकाशा.

गेलेले कुठे गेले, हे अमेरिकेच्या खानेसुमारीत दिसतं, पण तिथे जन्मस्थळ नुसतं ‘आयर्लंड’. जिल्हा नाही. १८८० च्या फॉर्मवर आईबापांचा जन्मदेश आहे, १९०० च्या फॉर्मवर जन्माचा महिना-वर्ष आणि देशात आल्याचं वर्ष. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर गेले. मोंटानातल्या ब्यूट गावाकडे मुद्दाम पाहा. बेआरातल्या अ‍ॅलिहीजच्या तांब्याच्या खाणी बंद पडत गेल्या आणि तिथले खाणकामगार ब्यूटच्या तांब्याकडे गेले. सुलिव्हन, हॅरिंग्टन, शे ही तिकडीच तिथल्या याद्यांत पुन्हा भेटते. एकटं सुलिव्हन काहीच सिद्ध करत नाही. शेजारी त्याच द्वीपकल्पातली दुसरी आडनावं असली तरच वाट बेआराकडे जाते. त्यानंतर थडग्यांवरचे शिलालेख, नागरिकत्वाचे अर्ज आणि ‘बोस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ दरम्यान छापल्या गेलेल्या ‘हरवलेले आप्त’ जाहिराती पाहा. त्यांत जिल्हा आणि पुष्कळदा पॅरिश, म्हणजे चर्चचा विभागही, दिलेला असतो.

नकाशा करण्याआधी शेवटची तपासणी : तुमच्या तक्त्यातल्या कुठल्याही १०० ओळी यदृच्छेने निवडा आणि मूळ छायाप्रतीशी ताडून पाहा. आडनाव, वय, लिंग, टाउनलँड या चार रकान्यांत किती चुका निघाल्या ते लिहा. एकाच रकान्यात पाचाहून जास्त चुका आल्या तर तो अख्खा रकाना पुन्हा तपासा. मग नकाशाच्या खाली एवढं तरी छापा : खानेसुमारीचं वर्ष, एकत्र केलेली सगळी रूपं, एकक माणसं की घरं, छेद कुठला, कुठले फॉर्म वगळले, आणि १०० मागे किती चुका सापडल्या.